धाकट्या जावेची वेबसाइट

हे काम शिकताना आम्हाला सांगितलं होतं, पहिलं काम नीट जपून ठेवा, पुढच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तेच दाखवायचं असतं. माझं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे माझी धाकटी जाऊ. तिचं काम मी मन लावून केलं, आणि मग ते कुणाला सापडणार नाही अशी तजवीजही मीच केली. मी मुळात कमी बोलणारी. हे तर आजवर घरात कुणापाशीच बोलले नाही, एकीला सोडून. आता लिहून ठेवते आहे.

आम्ही कोलकात्यात आलो त्याला अठरा वर्षं झाली. यांची नोकरी सरकारी कंपनीत, तिचं मुख्य कार्यालय इथलं, त्यामुळे बदली होऊन आलो ते सॉल्ट लेकमध्येच मुरलो. लेक तेव्हा दीड वर्षाची होती. मी सेक्टर फाइव्हमधल्या एका ऑफिसात कारभाराचं काम बघायची. मग सासऱ्यांचं शेवटचं आजारपण आमच्याकडे निघालं, नोकरी सोडली. ते गेल्यावर पुन्हा शोधायला लागले तर माझं वय ऐकूनच लोक 'कळवतो' म्हणायचे. म्हणून सत्तेचाळिसाव्या वर्षी घरबसल्या सहा महिन्यांचा कोर्स केला. सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन. कुणी मोबाइलवर काही शोधलं की आपल्या गिऱ्हाइकाचं पान वर यावं, यासाठी करायची सगळी खटपट. यांना मी हे तीनदा समजावून सांगितलं. तिसऱ्यांदा हे म्हणाले, "म्हणजे दुकानाची पाटी कुठे लावायची ते तू सांगणार." मला ते तेव्हा लागलं, पण व्याख्या काही वाईट नव्हती.

धाकटे दीर कोलकात्यात आले ते आमच्यानंतर कितीतरी वर्षांनी. आयटीतली नोकरी, डमडमला भाड्याचा फ्लॅट. त्यांच्याबरोबर ही आली. साताऱ्याची, माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. स्टेशनवरून घरी येईपर्यंत टॅक्सीवाल्याशी हिनं गप्पा मारल्या होत्या. वर्षभरात बंगाली बोलायला लागली, तीसुद्धा चुकत, हसत, समोरच्याकडूनच दुरुस्त करून घेत. मी चौदा वर्षं हिंदीवर काढली होती. चुकायची लाज वाटायची, म्हणून तोंडच उघडायचं नाही, असा माझा खाक्या. एकदा ती आमच्याकडे आली असताना आम्ही दोघी बाजारात गेलो. माझा नेहमीचा भाजीवाला, मी त्याच्याकडून चौदा वर्षं भाजी घेते, तो तिला वांग्याचा भाव सांगता सांगता स्वतःच्या सुनेची तक्रार सांगायला लागला. निघताना तिच्या पिशवीत कोथिंबिरीची जुडी टाकली आणि मला म्हणाला, "मॅडम, आपकी बहन है? कितना मीठा बांग्ला बोलती है!" ती 'बौदी', म्हणजे वहिनी, आणि मी 'मॅडम'. घरी येऊन मी ती कोथिंबीर चिरली आणि आमटीत घालायची विसरले. म्हणजे, विसरले असं म्हणाले.

सासूबाई साताऱ्याहून फोन करायच्या. माझ्याशी गोळ्यांबद्दल दोन मिनिटं, आणि मग, "ती आलीय का गं? दे जरा." ती आली नसेल तर, "बरं, ठेवते."

हे सगळं मी गिळलं असतं. माणूस गिळतो. पण माझी लेक तिच्यापाशी मोकळी व्हायला लागली, ते मला गिळता आलं नाही. इथे वाढलेली मुलगी, माझ्याशी मराठीत बोलायचं म्हणजे शब्द शोधायला लागायचे, मग "सोड ना आई" म्हणून खोलीत जायची. काकूशी मात्र बंगाली, मराठी, हिंदी, जे हाताशी येईल ते. कॉलेज सुटलं की डमडम. मी विचारायची, "काय बोलता गं एवढं?" तर म्हणायची, "काही नाही, असंच." असंच बोलणं मला कधी जमलं नाही.

जावेचा धंदा सुरू झाला तो तिच्या इमारतीतल्या नाचाच्या बाईंमुळे. इथे गल्लोगल्ली नाचाचे क्लास आहेत, आणि हिवाळ्यात प्रत्येकाचा वार्षिक कार्यक्रम असतो. त्यात सगळ्या प्रांतांचे नाच. महाराष्ट्राचा नाच म्हटला की नऊवारी आली, आणि नऊवारी नेसवायला अख्ख्या इमारतीत ही एकटी. पहिल्या वर्षी तिनं सहा मुलींना नेसवलं, त्यातल्या दोघींचं रंगमंचावरच सुटलं. ही विंगेत उभी राहून रडायची बाकी होती. दुसऱ्या वर्षी तिनं शिवलेल्या नऊवाऱ्या केल्या. लग्नाआधी साताऱ्याला शिवणकाम शिकलेली, हात चांगला. मागे काष्टा शिवलेला, घालायचं आणि हूक लावायचा. मग लावणीचे, कोळ्यांचे, लेझीमचे असे तीसेक जोड झाले. घराखालची एक खोली भाड्यानं घेतली आणि इथे आल्यावर धरलेली शाळेतली नोकरी सोडली.

नोकरी सोडल्यावर महिनाभरात दिरांच्या कंपनीनं त्यांना पुण्याला जागा देऊ केली. त्यांना जायचं होतं. तिला नव्हतं. दोघांत ठरलं ते तिनंच मला आमच्या स्वयंपाकघरात, ओट्याला टेकून सांगितलं.

"संक्रांतीपर्यंत मुदत मिळालीय ताई. हिवाळ्याचे कार्यक्रम तोवर उरकतात. तेवढ्यात धंदा उभा राहिला तर आम्ही इथंच. नाहीतर हे म्हणतात तसं, पुणे."

"मग पुण्यात कर की."

"पुण्यात?" ती हसली. "पुण्यात नऊवारी भाड्यानं? तिथं प्रत्येक गल्लीत दुकान आहे. माझा माल चालायचा तर जिथं कुणाला काष्टा घालता येत नाही, तिथंच." मग म्हणाली, "तुमचं पहिलं गिऱ्हाईक व्हायचंय मला."

"घरातल्या माणसाचं काम घेऊ नये म्हणतात."

"मग मी घरातली नाही असं समजा. चहा पण नका देऊ."

मी चहा दिला. काम घेतलं.

पुढचे तीन आठवडे मी सुखात होते, हेही कबूल करते. उल्टाडांग्यापर्यंत ऑटो, तिथून लोकलचं एकच स्टेशन, डमडम. खोलीत चारी भिंतींना दोऱ्या, दोऱ्यांवर नऊवाऱ्या. आम्ही जमिनीवर बसायचो. तिनं वेबसाइटसाठी मजकूर आधीच लिहून ठेवला होता, दोन वह्या भरून. पेशवाई म्हणजे काय, ब्राह्मणी नेसण वेगळी कशी, कोळणीची साडी गुडघ्यापर्यंत का. सुंदर लिहिलं होतं. मी ते वाचलं आणि म्हणाले, "हे सगळं तुला माहीत आहे. जिला साडी हवीय तिला माहीत नाही. ती काय टाइप करेल?"

"नऊवारी."

"तिला नऊवारी हा शब्द कुठून येणार?"

ती उठली, चपला घातल्या. "चला, विचारूनच येऊ."

या कामातली पहिली पायरी हीच, पण ती सगळे संगणकावर बसून चढतात. आम्ही दोघी पायी निघालो. चार नाचाचे क्लास. पहिल्या बाई म्हणाल्या, "ओई जे, धुतीर मोतो शाडी." ते नाही का, धोतरासारखी साडी. दुसऱ्या म्हणाल्या, आम्ही लावणीचा ड्रेस म्हणतो. तिसऱ्यांनी मोबाइल काढून दाखवलंच, मागच्या वर्षी त्यांनी काय शोधलं होतं ते: महाराष्ट्राच्या नाचाचा ड्रेस, भाड्यानं, डमडमजवळ. चौथ्यांनी आम्हाला बसवून मुढी, म्हणजे आपले चुरमुरे, खायला घातली आणि काही उपयोगाचं सांगितलं नाही. बोलत जाऊ होती, लिहून घेत मी होते. परत येताना ती म्हणाली, "ताई, तुम्ही हुशार आहात हो. कधी दाखवत नाही." मला इतका आनंद झाला की मी विषय बदलला.

मी पानं बांधली. लोक जे शब्द वापरतात ते मथळ्यात घेतले, तिनं लिहिलेलं खाली 'जाणून घ्या' म्हणून ठेवलं. प्रत्येक नाचाला वेगळं पान. कुठल्या वयाला कुठलं माप, किती दिवस आधी सांगायचं, सोबत काय काय मिळतं. नकाशावर दुकान दाखवायचं काम मागे राहिलं, कारण त्यासाठी दारावरची पाटी दाखवावी लागते आणि घरमालक पाटी लावू देत नव्हता. ते नंतर बघू म्हटलं. बाकी सगळं तयार. राहिले होते फोटो.

इथे एक गोष्ट समजावून सांगायला हवी. वेबसाइट बांधत असताना अर्धवट पानं लोकांच्या शोधात येऊ नयेत म्हणून सेटिंग्जमध्ये एक छोटी चौकट असते. तिच्यात खूण केली की सर्च इंजिनला निरोप जातो: ही साइट तुमच्या यादीत घेऊ नका. काम पूर्ण झालं की ती खूण काढायची. ती काढायला विसरणं ही नवशिक्यांची ठरलेली चूक. आमच्या कोर्सचे सर तर म्हणायचे, काही दिसत नसेल तर डोकं खाजवण्याआधी ती चौकट बघा.

फोटो आले ते दुर्गापूजेच्या आधीच्या आठवड्यात. जावेनं पाठवले. खाली लिहिलं होतं, "ताई, पाहा तुमची लेक!"

माझी लेक. हिरव्या नऊवारीत, नाकात नथ, केसांत गजरा, एक पाय पुढे टाकून. एका फोटोत तोंड उघडं टाकून हसत होती, कॅमेऱ्यामागच्या कुणाकडे तरी बघून. माझ्या आईची नऊवारी माझ्या कपाटात आहे. गेली तीन वर्षं मी पाडव्याला लेकीला म्हणत आले, एकदा नेस, मी नेसवते. पहिल्या वर्षी म्हणाली, पुढच्या वर्षी. दुसऱ्या वर्षी म्हणाली, "आई प्लीज, ते कॉस्च्युम वाटतं." तिसऱ्या वर्षी मी विचारलं, तेव्हा ती काकूकडे निघाली होती.

फोटो मी चढवले. सगळे नीट चढवले. प्रत्येक फोटोला नाव द्यायचं असतं, वर्णन लिहायचं असतं. मी लिहिलं: नाचासाठी शिवलेली हिरवी नऊवारी, नथ आणि दागिन्यांसह पूर्ण जोड. हसणारा फोटो मुख्य पानावर घेतला, कारण तो खरंच सगळ्यांत चांगला होता. मग सेटिंग्ज उघडली. चौकटीतली खूण समोर होती. दुपारचे साडेतीन झाले असतील, समोरच्या गच्चीत कुणी रजया वाळत घालत होतं. मी माउस चौकटीवर नेला. आणि तिथून हात काढून घेतला.

त्या वेळी मी स्वतःला म्हणाले, उद्या काढू, आज आणखी एकदा मजकूर तपासू. दुसऱ्या दिवशी मजकूर तपासला. त्यात चूक नव्हती. खूण तशीच ठेवली. तिसऱ्या दिवसापासून मी स्वतःला काही सांगणंही सोडून दिलं.

जावेला फोन केला. "झाली गं. सुरू झाली तुझी वेबसाइट."

तिनं पेढे आणले. माझ्या लेकीच्या तोंडात पहिला घातला, दुसरा माझ्या.

पत्ता थेट टाकला की साइट उघडायची, त्यामुळे तिला शंका यायचं कारण नव्हतं. तिनं तो नात्यातल्या सगळ्यांना पाठवला. सासूबाईंनी साताऱ्याला शेजारणीकडून उघडून घेतली आणि फोनवर रडल्या. पण ज्या बाईला डमडममध्ये धोतरासारखी साडी हवी होती, तिला पत्ता माहीत नव्हता. ती शोधायची आणि तिला दुसरंच काहीतरी दिसायचं. जाऊही शोधून बघायची.

"ताई, मी आपलेच शब्द टाकले. तीन पानं खाली गेले. आपण नाही."

"नवीन साइट आहे. वेळ लागतो."

"किती?"

"तीन-चार महिने धर."

हे वाक्य आमच्या धंद्यात रोज बोललं जातं, आणि ते खरं आहे. खोटं बोलायला मला एकही खोटा शब्द वापरावा लागला नाही.

दर सोमवारी मी साइटचा अहवाल उघडायची. त्यात सरळ लिहिलेलं असायचं की या पानांना यादीबाहेर ठेवायची सूचना साइटनंच दिली आहे. मी वाचायची आणि बंद करायची. एकदा जेवताना दिरांनी सहज विचारलं, "वहिनी, पानांची यादी सर्चला पाठवलीत ना?" माझ्या हातातला डाव वरणातच राहिला. मी म्हटलं, "हो." पाठवलीच होती. ते म्हणाले, "मग झालं. तुम्ही बघताय म्हटल्यावर मी डोकं घालत नाही." त्यांनी एकदा डोकं घातलं असतं तर दोन मिनिटांत सापडलं असतं. मला वाटतं, घालावं असं मला वाटतही होतं. पण त्यांना पुण्याला जायचं होतं. त्यांना शोधायची घाई नव्हती.

मला ती जायला हवी होती का? इतकं स्पष्ट मी तेव्हा मनाशीही म्हटलं नाही. मला एवढंच हवं होतं की तिचं एकदा अडावं. एकदा तरी तिनं हात लावलेलं काही चालू नये, आणि ती माझ्यासारखी गप्प बसलेली मला दिसावी. नोव्हेंबर सरता सरता ते दिसलं. मी डमडमला गेले तर ती खोलीत एकटी, इस्त्री केलेल्या नऊवाऱ्यांना पुन्हा इस्त्री करत होती. ओळखीतल्या दोन क्लासांचं काम आलं होतं, तिसरं नव्हतं. मला वाटलं होतं बरं वाटेल. थोडं वाटलंही. ते लिहायला नको वाटतं, पण वाटलं.

"लोकांना नकोच असेल हो," ती म्हणाली. "मीच उगाच डोक्यात घेतलं."

तेव्हा मी खूण काढू शकले असते. डिसेंबरचे आणि संक्रांतीपर्यंतचे सगळे कार्यक्रम पुढे होते. मी घरी आले आणि साइटवरच्या एका मथळ्यातला शब्द मागेपुढे केला. काम केल्यासारखं वाटावं म्हणून.

संक्रांतीचं हळदीकुंकू दर वर्षी आमच्याकडे असतं. इथल्या मराठी बायका पंधरा-वीस. वाण म्हणून त्या वर्षी स्टीलच्या छोट्या डब्या आणल्या होत्या. जाऊ लवकर आली, डब्यांत तिळगूळ भरायला बसली. चार-पाच डब्या भरून झाल्यावर मान वर न करता म्हणाली, "यांनी होकार कळवला ताई. परवा. लेकराची परीक्षा झाली की निघायचं." तिचा मुलगा तेव्हा दुसरीत होता.

मी म्हटलं, "आणखी थोडं थांबून बघितलं असतं."

"तुम्ही किती केलंत माझ्यासाठी," ती म्हणाली. "तुमच्या कामात काही कमी नव्हतं. मालच चालत नाही त्याला तुम्ही काय करणार?"

बायका यायला लागल्या. मी सगळ्यांना हळदकुंकू लावलं. तिला लावताना माझी अंगठी तिच्या कपाळाला घासली आणि ओरखडा आला. ती म्हणाली, "असू दे, असू दे." दुसऱ्या दिवशी सकाळी, हे ऑफिसला गेल्या गेल्या, मी सेटिंग्ज उघडली आणि खूण काढली. एक क्लिक. चार महिने मी ज्याला हात लावला नाही ते चहा निवायच्या आत झालं.

अशी साइट या भागात दुसरी नव्हती, शब्द लोकांच्या तोंडचे होते. महिन्याभरात पानं वर आली. मार्चमध्ये, ती खोकी भरत असताना, तिचा फोन वाजायला लागला. हावड्याची एक शाळा. बाराशातचा एक क्लास. कुणाला पुढच्या महिन्यात हवं, कुणी पुढच्या हिवाळ्यासाठी आत्ताच विचारून ठेवत होतं. ती मला फोन करून ओरडली, "ताई! तुम्ही म्हणाला होतात, वेळ लागतो! बघा, अगदी बरोबर!" मागून दीर म्हणाले, "आता काय उपयोग, घर ठरलंय, शाळा ठरलीय." ती म्हणाली, "अहो, ऐकू तरी द्या मला, मला मागणी आहे."

एप्रिलमध्ये ती गेली. नऊवाऱ्यांची पाच खोकी माझ्याकडे ठेवून गेली. "फोन मी तिकडून घेईन, माल तुम्ही द्या," म्हणाली. मी हो म्हटलं. महिनाभर तसं चाललं. मग एका दुपारी तिनं पुण्याहून फोन केला. तिथे तिनं कुणाच्या तरी शिवणाच्या दुकानात काम धरलं होतं, दिवसभर ब्लाउजला अस्तर लावायचं. म्हणाली, "ताई, मी विचार केला. तुम्हीच चालवा सगळं. फोन नंबरही तुमचाच टाका. मला इथून जमत नाही, आणि जीव पण लागत नाही. वेबसाइट तुमचीच आहे म्हणा ना, तुम्हीच उभी केलीत."

म्हणजे ज्याचा मला हेवा वाटत होता ते ती आपल्या हातानं माझ्या पदरात घालत होती. माझ्यात जर थोडी आणखी खोट असती तर मी 'बरं' म्हटलं असतं. मी खुर्ची ओढून बसले आणि सांगितलं. चौकट कुठे असते, खूण म्हणजे काय, कुठल्या दिवसापासून कुठल्या दिवसापर्यंत. मध्ये थांबले असते तर पुन्हा सुरू करता आलं नसतं, म्हणून एका दमात.

तिकडे कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. एक शिट्टी, दुसरी. मग गॅस बंद केल्याचा आवाज.

"विसरला होतात?"

"नाही."

"म्हणजे रोज माहीत होतं."

"हो."

"मी त्या खोलीत बसून रडायचे तेव्हाही."

"हो."

"आम्ही जायला हवे होतो तुम्हाला?"

आधी म्हटलं तसं, मी हे मनाशीही स्पष्ट बोलले नव्हते. पण आता तिनं विचारलं होतं. "हो," मी म्हटलं. "तेव्हा, हो."

"का? मी काय केलं होतं तुमचं?"

"काही नाही. सगळ्यांना तू आवडतेस. माझ्या पोरीलासुद्धा."

"मग तोंडावर भांडायचं होतंत ना माझ्याशी! घरात ठणाणा केला असतात, दोन दिवस अबोला धरला असतात. आमच्याकडे जावा-जावा भांडतात हो, भांडी आपटतात. हे असलं, गुपचूप…" तिचा आवाज फाटला. "मी सगळ्यांना सांगितलं, मला जमलं नाही म्हणून. यांना सांगितलं. आईंना सांगितलं. मी स्वतःला सांगितलं."

फोन ठेवला गेला. मी पुन्हा लावला नाही. माफी मागायची राहिली होती, पण तेव्हा मागितली असती तर ती मला हलकं वाटावं म्हणून झाली असती. नंतर पत्र लिहून मागितली. त्याचं उत्तर आलं नाही.

नवव्या दिवशी तिचा मेसेज आला: "साइटचा पासवर्ड पाठवा." पाठवला. तासाभरात तिनं तो बदलला. फोन नंबर तिचाच राहिला. घरात तिनं कुणाला काही सांगितलेलं नाही, निदान अजून तरी. दीर पूर्वीसारखेच बोलतात, सासूबाईही. मला आधी वाटलं, वाचले. आता कळतं की तिनं ते माझ्या स्वाधीन केलंय. सांगायचं असेल तर मीच सांगायचं. अजून माझं धाडस झालेलं नाही, आणि हे लिहिणं म्हणजे ते धाडस नव्हे, एवढं मला समजतं.

धंदा ती पुण्यातून चालवते. गेला हिवाळा चांगला गेला. शिवणाचं दुकान तिनं सोडलं. नवे जोड तिथे शिवते आणि पार्सलनं पाठवते. माझ्याकडे याद्या येतात. कुठली शाळा, कुठली तारीख, किती जोड, कुठली मापं. वर 'ताई' नसतं, खाली काही नसतं. मी खोकी उघडते, काढते, इस्त्री करते, घड्या घालते, द्यायला जाते. परत आलं की धुऊन, हूक तपासून ठेवते. कोर्स केला त्या कामाला मी पुन्हा हात लावलेला नाही. दोघांनी विचारलं होतं, आधीचं काही काम दाखवा म्हणाले. दाखवण्यासारखं एकच होतं. मी नको म्हटलं.

मागच्या मंगळवारी यादी आली. अकरा जोड, हावड्यासाठी, लहान मुलींचे. शेवटी एक ओळ जास्त होती: "जांभळीचा काष्टा उसवलाय, शाळेनं फोन केला तेव्हा कळलं. मागच्या वेळी कुणी सांगितलं नाही. बघून घ्या."

कुणी म्हणजे मीच. मला दिसला होता, मी कळवलं नव्हतं. यादी हातात घेऊन मी जांभळी काढली. खरंच चार बोटं उसवला होता. सुई-दोरा घेतला आणि खिडकीशी बसले. माझा हात तिच्याइतका साफ नाही. टाके मोठे पडले, ते उसवून पुन्हा घातले. मग फोटो काढून पाठवला आणि खाली लिहिलं, "टाके दुसऱ्यांदा घातलेत. मला तेव्हाच दिसलं होतं. सांगितलं नाही."

दोन निळ्या खुणा आल्या. थोड्या वेळानं तिचं उत्तर आलं. "टाके अजून बारीक हवेत. तिसऱ्यांदा घाला."

मी तिसऱ्यांदा घालायला बसले.